ऑक्सिजनचा आकडा वाढला, पण पाऊल सुजलं

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमचे सासरे अण्णा ६८ वर्षांचे आहेत. शुगर जुनी आहे. फेब्रुवारीत उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा झाला, तो फुटून जखम झाली. तेव्हापासून ड्रेसिंग चालू आहे, जखम भरत नाही. मे महिन्यात शहरातल्या एका सेंटरमध्ये कॅमेऱ्याने पायाचा फोटो काढून प्रकाशाची ऑक्सिजन तपासणी केली. जखमेजवळ ५४ टक्के आला. रक्तपुरवठा कमी आहे म्हणून ऑक्सिजन चेंबरच्या (बंद कोठीत बसवून जास्त दाबाने ऑक्सिजन देतात त्या) ३० बैठका सांगितल्या. १० झाल्या. परवा परत फोटो काढला तर ७३ आला. सेंटरवाले म्हणाले, छान सुधारणा आहे, उरलेल्या २० बैठकांचे पैसे भरा. पण चार दिवसांपासून पाऊल सुजलं आहे, चप्पल बसत नाही, हाताला गरम लागतं. दुखत मात्र काही नाही. अण्णा म्हणतात, "आकडा वाढलाय ना, मग झालं." ही तपासणी खरी असते का? पैसे भरावेत का? दोन्ही फोटोंचे प्रिंट सोबत पाठवते आहे.
— एक सून, तासगाव तालुका

ताई, पैशांचं नंतर बघू. हे उत्तर वाचून झालं की अण्णांना मिरजेला किंवा सांगलीला, जिथे सर्जन आणि रात्रीचं कॅज्युअल्टी दोन्ही आहे अशा रुग्णालयात घेऊन जा. उद्या सकाळी उजाडल्यावर, शेतातली कामं आटोपून वगैरे नको. आजच.

कारण सांगतो. मधुमेहात पायाच्या नसा (मज्जातंतू) बधिर होतात, त्यामुळे आत पू झाला तरी दुखत नाही. "दुखत काही नाही" हे वाक्य मी अशा रुग्णांच्या घरच्यांकडून सतत ऐकतो आणि दर वेळी मला त्याची धास्ती वाटते. सुजलेलं, लाल, गरम पाऊल आणि तळव्याला उघडी जखम असं दिसलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो जंतुसंसर्गच धरायचा. लाली जखमेच्या कडेपासून दोन सेंटीमीटरच्या पुढे पसरली असेल, तर नुसत्या गोळ्या घेऊन घरी थांबण्याची ती वेळ नसते. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अशा वयात आणि अशा शुगरमध्ये ताप कित्येकदा येतच नाही. शुगर मात्र अचानक चढते. घरी ग्लुकोमीटर असेल तर निघण्याआधी एकदा बघा आणि आकडा कागदावर लिहून न्या.

तिथे डॉक्टरांना स्पष्ट विचारा की जखमेत सळई घालून हाड लागतं का ते पाहणार का. बोथट टोकाची निर्जंतुक सळई जखमेत हलकेच सरकवली आणि टोकाला टणक, खरखरीत लागलं तर हाडापर्यंत जंतू गेल्याची शक्यता मोठी असते. एक्स-रे काढतीलच, पण हाडातला संसर्ग एक्स-रेत दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा आज एक्स-रे चांगला आला म्हणून विषय संपवू नका. आणखी एक शक्यता त्यांच्या कानावर घाला : शार्को पाऊल. यात बधिर पायाची हाडं आतून खचत जातात आणि पाऊल असंच लाल-गरम होतं. दुसऱ्या पायापेक्षा दोन अंशांहून जास्त गरम असेल तर हा विचार करावाच लागतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. तपासणी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटलेला नाही.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बोटांना टेकवून बघा, बोटं लालभडक दिसतात. पांढऱ्या प्रकाशातले बाकीचे रंग रक्त शोषून घेतं, लाल तेवढा आरपार येतो. लालच्या पलीकडे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो, तो मांसात आणखी आत जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनची गंमत अशी की ऑक्सिजन घेतलेलं आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. ६६० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात ऑक्सिजन नसलेलं जास्त शोषतं, ९४० च्या आसपास उलट होतं, आणि मध्ये ८०० च्या जवळ दोघं सारखेच. कॅमेरा अशा तीन-चार तरंगलांबींचा प्रकाश पायावर टाकतो, परत किती आला ते मोजतो आणि प्रत्येक ठिपक्यापाशी ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन किती टक्के आहे त्याचा हिशेब करून लाल-निळा नकाशा काढतो. सुई नाही, स्पर्श नाही, काही सेकंदांत काम होतं. अवरक्त प्रकाशाने जिवंत शरीरातला ऑक्सिजन असा बाहेरून पाहता येतो हे अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत पेशंटच्या कपाळावर मेंदूच्या ऑक्सिजनसाठी ज्या पट्ट्या चिकटवतात, त्याही याच तत्त्वावर चालतात. म्हणजे हे थोतांड नव्हे. मी स्वतः ही तपासणी वापरतो.

पण ५४ आणि ७३ हे कसले टक्के, ते नीट कळलं पाहिजे. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला की ९७, ९८ दाखवतो. तो फक्त नाडीबरोबर उसळणारं, म्हणजे धमनीतलं रक्त मोजतो. हा कॅमेरा कातडीच्या वरच्या दोन-तीन मिलिमीटरमधलं सगळं मिसळलेलं रक्त पाहतो. त्यात येणारं रक्तही असतं आणि पेशींना ऑक्सिजन देऊन परत निघालेलंही. म्हणून निरोगी पायावरही इथे ९७ येत नाही, आणि यंत्रागणिक आकडा बदलतो. "अमुक टक्क्यांच्या खाली म्हणजे धोका" अशी सगळ्या यंत्रांना चालणारी रेषा नाही. (तोच घरचा ऑक्सिमीटर पायाच्या अंगठ्याला लावून "९६ आहे, पुरवठा चांगला" असं समाधान करून घेणारेही भेटतात. कृपया तसं करू नका. दाब बराच घटला तरी तो आकडा चांगला येऊ शकतो.)

तुम्ही शेतीतल्या, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. कालव्याच्या टेलच्या रानात माती ओली दिसली, तर पाणी पोचलं एवढं कळतं. कालव्याला दाब किती आहे ते कळत नाही. शिवाय वरचा बांध फुटूनही ओल येते, आणि पिकाने पाणी ओढणंच थांबवलं तरी ओल टिकते. पावलातला ऑक्सिजनचा टक्का अगदी असाच आहे : किती आला आणि किती वापरला गेला, यातली शिल्लक.

अण्णांचा आकडा ५४ वरून ७३ वर गेला त्याच सुमारास पाऊल सुजलं, लाल झालं, गरम झालं. जंतुसंसर्गात शरीर त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या सताड उघडतं. ताजं रक्त धावत येतं आणि कॅमेऱ्याला लाल दिसतं. शार्को पावलातही तेच. आणि जुन्या मधुमेहात नसा बिघडल्या की धमनीतून थेट शिरेत जाणारे आडमार्ग उघडे राहतात. रक्त पेशींना काही न देता तसंच परत फिरतं, आकडा छान येतो आणि पेशी उपाशी राहतात. म्हणून जखम आहे तेवढीच असताना आकडा चढला, तर मला त्यात सुधारणा दिसत नाही. सुजेबरोबर चढला तर काळजी वाटते.

तुमचे दोन्ही प्रिंट मी बारकाईने पाहिले. रंगीत नकाशाच्या शेजारी जो साधा फोटो छापलाय, तो बघा. पहिल्या वेळी अण्णा खुर्चीवर बसलेत आणि पाय खाली लोंबतोय. दुसऱ्या वेळी ते कॉटवर आडवे आहेत. पाय लोंबता असला की शिरांमध्ये वापरलेलं रक्त साठतं आणि टक्का खाली येतो. पाय वर घेतला की ते निचरून जातं. शिवाय पहिल्या प्रिंटवर ५४ ज्या चौकोनातून घेतलाय, तो चौकोन निम्मा घट्ट्याच्या जाड पिवळसर कातडीवर आहे आणि कडेला बेटाडिनचा तपकिरी डागही दिसतो. दुसऱ्या वेळी घट्टा तासलेला आहे आणि चौकोन बोटभर आत सरकलाय. एवढे फरक असताना ते दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. दहा बैठकांमुळे १९ टक्के वाढले असं म्हणायला तर काहीच आधार नाही.

हे वाचून सेंटरवाल्यांशी भांडायला जाऊ नका. फोटो घेणाऱ्याला हे कुणी शिकवलेलं नसेल, अशीही शक्यता आहे. पुढे कधी परत ही तपासणी झाली तर तुम्हीच उभं राहून सांगा : पेशंट दहा मिनिटं आडवा, दोन्ही पाय उघडे, खोली फार गार नको, खिडकीतून ऊन पायावर नको, जखम सलाइनने धुऊन पुसलेली, बेटाडिन-हळद-मलम काही नको. पायाला मेंदी लावली असेल तर ती जाईपर्यंत थांबा. तंबाखू किंवा मिश्री आधी काही तास नाही, कारण तिने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. आणि दर वेळी दुसऱ्या पायाचा तोच भाग शेजारी मोजून घ्यायचा, म्हणजे स्वतःचाच चांगला पाय मापाला मिळतो.

कातडीच्या रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण आपल्याकडे ते सांगणं मला गरजेचं वाटतं. कातडीतलं मेलॅनिन हा प्रकाश शोषतं. बोटाच्या ऑक्सिमीटरच्या बाबतीत अमेरिकेतल्या डिसेंबर २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन खरा कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतं. पायाच्या कॅमेऱ्यालाही ही अडचण आहे. यंत्र बनवणारे त्यासाठी दुरुस्ती करतात, तरी उन्हातान्हात रापलेल्या पावलाची वरची बाजू आणि फिकट तळवा यांची आपसांत तुलना करू नये. तळव्याची तळव्याशी, वरच्या बाजूची वरच्या बाजूशी करावी. जुनी शिरांची जखम असलेल्यांच्या घोट्याभोवती जो काळपट तपकिरी पट्टा पडतो, तिथेही आकड्यावर भिस्त ठेवू नये.

मग रक्तपुरवठा खरंच कमी आहे का, हे कसं ठरायचं? पायाच्या दोन नाड्या बोटांनी चाचपून, मग हातातल्या डॉपलरने. पेनाएवढी ती कांडी जेल लावून घोट्याशी टेकवली की रक्ताचा आवाज येतो. चांगल्या धमनीचा आवाज ठसठशीत आणि तुटक असतो, प्रत्येक ठोक्याला दोन-तीन भाग स्पष्ट ऐकू येतात. अडलेल्या धमनीचा आवाज लांबट, मऊ, एकसुरी हुश्श असा येतो. तुम्ही शेजारी उभ्या राहून दोन्ही पायांचा ऐकला तरी फरक कळेल. नंतर घोट्याचा दाब आणि दंडाचा दाब यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९ च्या खाली आलं की अडथळा आहे. पण जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत चुना बसून त्या पाइपसारख्या कडक होतात, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत, आणि गुणोत्तर खोटं चांगलं येतं, कधी १.३ च्याही वर. अण्णांच्या कागदांत १.३८ असा आकडा मला दिसला आणि त्यावर "नॉर्मल" असं लिहिलंय. तो नॉर्मल नाही. १.३८ चा अर्थ एवढाच की या पायात घोट्याचं माप निकामी आहे.

म्हणून अण्णांना हवा आहे तो अंगठ्याचा दाब. बोटभर रुंदीचा छोटा पट्टा पायाच्या अंगठ्याला बांधून तो मोजतात, कारण अंगठ्याच्या धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. तो ३० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असला तर रक्तवाहिन्यांचं चित्रण आणि वाट मोकळी करण्याचा विचार तातडीने करावा लागतो. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचाही भर नाडी, डॉपलरचा आलेख, घोटा आणि अंगठ्याचा दाब यांच्यावरच आहे. कातडीला गरम इलेक्ट्रोड चिकटवून ऑक्सिजनचा दाब मोजण्याचीही एक जुनी पद्धत आहे. ती प्रकाशाची नाही, तिला १५-२० मिनिटं लागतात, आणि तिथे २५ च्या खालचा आकडा वाईट मानतात. कुठे मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी अंगठ्याच्या दाबावर काम भागेल.

कुणी बोट किंवा पाऊल कापायचं म्हणालं, तर पू तातडीने काढण्यापुरती शस्त्रक्रिया सोडून बाकी कशालाही व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनने पाय पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. अडथळा सापडला तर अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने रक्त खाली पोचवता येतं, आणि कापायचं आधी ठरलेलं बोट त्यानंतर वाचलेलं मी पाहिलं आहे. प्रकाशाचा कॅमेरा मला तिथे मोलाचा वाटतो. अँजिओप्लास्टीच्या आधी आणि नंतर त्याच पद्धतीने फोटो घेतले, तर जखमेच्या कडेला रक्त पोचलं का ते दिसतं. कापावंच लागलं तर कुठपर्यंतची कातडी जगेल याचा अंदाज येतो. अशा वेळी मी त्याचा आधार घेतो, बाकीच्या मापांसोबत.

उरलेल्या २० बैठकांचे पैसे आत्ता भरू नका. ऑक्सिजन चेंबर काही निवडक जखमांना उपयोगी पडतो, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि तो ना धमनीतला अडथळा उघडतो ना साचलेला पू काढतो. ही दोन कामं झाल्यावरही जखम अडली, तर तेव्हा त्याचा विचार करता येईल.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते. पाच महिने ड्रेसिंग झालं, दहा बैठका झाल्या, दोन फोटो झाले, आणि तुमच्या पत्रात शेवटी तळटीप आहे की अण्णा रोज सकाळी द्राक्षबागेत चक्कर मारतात. ती जखम अंगठ्याच्या मुळाशी आहे, जिथे चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार येतो. दुखत नाही म्हणून ते लंगडतही नाहीत. कितीही चांगलं मलम लावा, भार पडत राहिला तर ती भरणार नाही. तळव्याच्या जखमेवरचा भार काढणं हा अर्धा उपचार आहे आणि आपल्याकडे तोच राहून जातो. यासाठीचा घट्ट बसणारा प्लॅस्टर भारतात कुष्ठरुग्णांच्या तळव्यांच्या जखमांवर वापरला गेला. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यावर काम केलं आणि पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या रुग्णालयात नेलं. आज जगभर मधुमेही पायासाठी तो पहिल्या पसंतीचा मानतात. अण्णांना तो लगेच घालायचा नाही. संसर्ग आटोक्यात येऊन रक्तपुरवठा पाहून झाल्यावर डॉक्टर ठरवतील. तोवर वॉकर किंवा व्हीलचेअर, आणि तो पाय जमिनीला टेकवायचा नाही. घरातसुद्धा नाही, देवघरातही नाही. देवपूजा खुर्चीवर बसून होते, त्यांना वाईट वाटलं तर माझं नाव सांगा. जखम भरल्यावर मऊ रबराची एमसीआर चप्पल घरात-बाहेर कायमची.

घरी मोजायचं तर ऑक्सिजनच्या टक्क्यापेक्षा जखम मोजा. आठवड्यातून एकदा ड्रेसिंगच्या वेळी लांबी आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये वहीत लिहा, दोन्हींचा गुणाकार करा, मोबाइलवर शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. नीट उपचार सुरू झाल्यापासून चार आठवड्यांत हा गुणाकार निम्म्यावर आला, तर ती जखम बारा आठवड्यांत भरण्याची आशा चांगली असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त आक्रसलेल्या जखमांपैकी ५८ टक्के बारा आठवड्यांत भरल्या, बाकीच्यांपैकी फक्त ९ टक्के. चार आठवड्यांनी निम्मी झाली नसेल तर तेच ड्रेसिंग आणखी चार महिने करत बसू नका, डॉक्टरांना वही दाखवून "आता काय बदलायचं?" असं विचारा.

अण्णांना समजावणं कठीण जाईल, ते आकड्यावर विसंबलेत. त्यांना दोन्ही पावलांवर एकाच वेळी हाताची मागची बाजू ठेवायला सांगा. उजवं किती गरम आहे ते त्यांचं त्यांना कळू द्या. मग गाडी काढा.

निघताना रेशनकार्ड आणि आधार घ्या, आणि तिथे पोचल्यावर जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटून भरती आणि पुढची अँजिओप्लास्टी योजनेत बसते का ते सुरुवातीलाच विचारा, बिल झाल्यावर नको. गोळ्यांची पाकिटं, जुने कागद, दोन्ही प्रिंट सोबत असू द्या. पहिल्या प्रिंटवर पेनाने "पाय खाली सोडलेला" आणि दुसऱ्यावर "आडवे, पाय सुजलेला" असं लिहा आणि १.३८ च्या आकड्याभोवती गोल करा, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरांच्या नजरेतून ते सुटणार नाही.